साडेतीनचा फेरा

गेल्या आषाढात एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आमच्याकडे आल्या. आमच्या तीन मजली इमारतीला लिफ्ट नाही आणि आजींच्या गुडघ्यांना सोळा पायऱ्या म्हणजे गड चढण्यासारखंच. त्यामुळे त्या आल्या म्हणजे काहीतरी कारण असणार हे मला आणि बायकोला, दोघांनाही कळलं. त्यांनी खुर्चीत बसून आधी श्वास जागेवर आणला, अर्धा कप चहा घेतला, गॅलरीतल्या तगरीचं कौतुक केलं, मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. निघताना दाराची चौकट धरून म्हणाल्या, "सर, राग मानू नका हं, पण रात्री साडेतीनला तुमच्याकडे चालतं कोण?" मी म्हणालो, "मीच, आजी." "वाटलंच. बाईची पावलं अशी पडत नाहीत." मग जरा थांबून, मोठा गुन्हा कबूल करावा तशा आवाजात म्हणाल्या, "काय होतं, त्याच सुमाराला माझा कुठे जरा डोळा लागलेला असतो."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण विसरता येतं. ते 'कुठे जरा' मात्र चपलेत अडकलेल्या खड्यासारखं दिवसभर टोचत राहिलं.

साडेतीनला काय होतं ते सांगतो. आधी स्वप्नातच कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. मग तो हात जड होतो. मग जाग येते आणि लक्षात येतं की कंबर आपली राहिलेली नाही. खळ घालून वाळवलेलं धोतर कसं नुसतं उभं राहील इतकं कडक होतं, तशी पाठ. कूस बदलायची तर त्याचे टप्पे आहेत: आधी गुडघे दुमडायचे, मग पलंगाची कड पकडायची, मग श्वास धरून सगळं धड एका तुकड्यात फिरवायचं. त्या वळणावर डाव्या कुल्ह्याच्या खोल आत एक कळ येते आणि तिच्यापुढे झोप टिकत नाही. पाय खाली सोडून, कोपरावर रेटा देऊन उभं राहायचं आणि चालायला लागायचं. आमच्या हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत अकरा पावलं होतात. अकरा जायची, अकरा यायची. फ्रीजची घरघर, समोरच्या बांधकामावरच्या कुत्र्याचं एखादं भुंकणं, मुलीच्या खोलीतल्या पंख्याची टकटक, बस. वीसेक मिनिटांनी खळ विरघळायला लागते. चारच्या पुढे पुन्हा पडायचं. सव्वाचारला कधीतरी डोळा लागतो आणि पावणेपाचला गजर होतो, कारण शाळा सात दहाची आणि उठल्यावर अंग मोकळं व्हायला मला तासभर लागतो. दुखण्याला रोज आधी मोडायला झोपेचीच फांदी सापडते.

या दुखण्याचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. नाव मोठं आहे, शाळेत सांगायला सोपं पडावं म्हणून मी 'मणक्याचा संधिवात' म्हणतो. वर्गातल्या पोरांनी त्याहून सोपं नाव शोधलंय. मागच्या बाकावर कोण बोलतंय ते बघायला मी मानेऐवजी अख्खा वळतो, म्हणून मी 'रोबो सर'. साधी कंबरदुखी कशी असते, दिवसभराच्या कामाने येते आणि आडवं पडलं की उतरते. माझी उलटी. काम करत राहिलो तर ती गप्प बसते, मी निजलो की ती उठते. विश्रांतीने वाढणारं दुखणं असू शकतं हे लोकांना पटत नाही आणि मला त्यांना दोष देता येत नाही, कारण पहिली नऊ वर्षं मलाही ते पटलं नव्हतं.

तेविसाव्या वर्षी सुरू झालं. कोणी मणक्यात गॅप आहे म्हणाले, कोणी गादी बदला म्हणाले, कोणी पट्टा दिला. एका ठिकाणी वजनं लावून पंधरा दिवस सक्तीने झोपवून ठेवलं. ते पंधरा दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. ज्याला हालचाल हेच औषध त्याला बांधून घातलं होतं. मामांनी कसलंसं तेल पाठवलं, त्याच्या वासाने घरभर लग्नघरासारखा दर्प सुटायचा. या सगळ्यांनी मला विचारलं की कुठे दुखतं, किती दुखतं, वाकता येतं का, खेळताना पडला होतास का. तू रात्री किती वाजता उठतोस, असं एकानेही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. दुखतंय म्हणून झोप येत नाही, यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटायचं. तापात घाम येतो, तसं.

तो प्रश्न शेवटी विचारला डोळ्यांच्या डॉक्टरांनी. उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना, म्हणून गेलो होतो. त्यांनी यंत्रातून डोळ्यात पाहिलं, मधल्या पडद्याला सूज आहे म्हणाल्या, औषध लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि म्हणाल्या, "पाठ दुखते का हो? पहाटे दुखण्याने जाग येऊन, उठून चाललं की बरं वाटतं, असं?" मला वाटलं बाईंना ज्योतिष येतं. पुढे रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी, कंबरेखालच्या त्रिकाच्या सांध्यांचं एमआरआय आणि आजाराला नाव मिळालं. नंतर समजलं की रात्रीच्या उत्तरार्धात पाठदुखीने जाग येणं ही या आजाराची ठरलेली खूण आहे. वैद्यकाच्या निकषांत ती लिहून ठेवलेली आहे: चाळिशीच्या आत सुरू होणं, हळूहळू वाढणं, व्यायामाने कमी होणं, विश्रांतीने न होणं आणि रात्री छळणं. म्हणजे नऊ वर्षं मी पुरावा रोज साडेतीनला घरभर फिरवत होतो.

आमच्या वडिलांच्या तोंडी एक म्हण असायची, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी भूक कोंडाही गोड करून घेते, खऱ्या दमलेल्याला धोंड्यावरही झोप लागते. ते स्वतः तसे होते. सतरंजीवर हाताची उशी केली की दोन मिनिटांत घोरायचे. मी तळमळताना दिसलो की म्हणायचे, "अंगमेहनत कर, म्हणजे झोप येईल." झोप ही मागण्याची गोष्ट नाही, कमावण्याची आहे, अशी आमच्या घरची रीत. उशिरा उठणारा सूर्यवंशी, जास्त झोपणारा कुंभकर्ण, दुपारी आडवा झालेला ऐदी. कमी झोपून जास्त काम करणाऱ्याचं मात्र चारचौघांत नाव निघायचं. त्यामुळे मला दुखतंय हे सांगायला जितकी लाज वाटली नाही तितकी मला झोप हवी आहे हे सांगायला वाटली. दुखणं निदान पुरुषासारखं सोसता येतं. झोपेसाठी रडायचं म्हणजे तान्ह्या मुलाचं काम.

आणि मराठीत झोपेला शब्द किती! पेंग, झापड, डुलकी, गुंगी, वामकुक्षी. या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो साखरझोप या शब्दाचा. उजाडायच्या आधीची, पांघरूण कानावर ओढून घेतलेली, जिच्यातून उठवणाऱ्याला आईसुद्धा शिव्या देते ती. मोजून बघितलं, तेविसाव्या वर्षानंतर ती माझ्या वाट्याला आलेली नाही. आजीचं 'कुठे जरा' म्हणजे तीच असणार.

आजी म्हटलं की मला दुसरी आजी आठवते. माझी, पंढरपूरची. देवळापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर. आषाढी जवळ आली की ती एखाद्या दुपारी जाहीर करायची, "देवाचा पलंग निघाला बरं का." म्हणजे शेजघरातला विठोबाचा पलंग काढला. एरवी देवाला रात्री शेजारती असते, पहाटे काकडा असतो, मधे झोप असते. यात्रेत लाखो लोक रांगेत असताना देव झोपणार कसा, म्हणून पलंगच काढून ठेवतात आणि दर्शन चोवीस तास चालू राहतं. पण उभ्याने देवाला शीण होऊ नये म्हणून पाठीशी लोड लावतात. रखुमाईला तक्क्या. मला लहानपणी याची फार गंमत वाटायची. मी विचारलं होतं, "देवाची पाठ दुखते?" आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अठ्ठावीस युगं उभा आहे, दुखत नसेल?" यात्रा उलगली की प्रक्षाळपूजा. देवाला गरम पाण्याने न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. मग पलंग परत येतो. आमच्या घरातही तेव्हाच सगळे पहिल्यांदा पाय पसरून झोपायचे, कारण पंधरा दिवस ओसरीपासून माजघरापर्यंत वारकरी असत आणि आजीला रात्रभर कोणासाठी ना कोणासाठी उठावं लागे.

वैद्यकाची पुस्तकं न वाचलेल्या त्या बाईला आणि तिच्या देवाला एक गोष्ट ठाऊक होती. झोप गेली की पाठीला लोड लावावा लागतो आणि शिणवटा वेगळा, मुद्दाम उतरवावा लागतो. माझ्या आजाराचं मोजमाप करायला दवाखान्यात जो कागद भरून घेतात त्यात मात्र झोप नाही. १९९४ मध्ये इंग्लंडातल्या बाथ शहरात तयार झालेली सहा प्रश्नांची यादी आहे ती. थकवा किती, मान-पाठ-खुबा किती दुखतो, इतर सांधे किती, दाबल्यावर कुठे दुखतं, सकाळचा ताठरपणा किती तीव्र आणि किती वेळ. शून्य ते दहा. मी इतकी वर्षं हा कागद भरतोय, गणिताचा मास्तर असल्याने आकड्यांवर माझा विश्वासही आहे. पण आजी येऊन गेल्यावर पुढच्या खेपेला तो हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, सातवा प्रश्न कुठाय? माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांना तसं म्हणालो. त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बोला."

त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी स्वतः जे शोधून वाचलं त्याने माझा हिशोबच उलटा झाला. मी धरून चाललो होतो की दुखणं हे कारण आणि जागरण हा परिणाम, दुखणं कमी करा, झोप आपोआप येईल. पण १९७५ मध्येच झोपेवर संशोधन करणाऱ्या टोरांटोच्या हार्वे मोल्डॉफ्स्की यांनी धडधाकट विद्यार्थ्यांना झोपवून, ते गाढ झोपेत शिरले की आवाज करून त्यांना तेवढ्यापुरतं वर खेचलं होतं. पूर्ण जागं केलं नाही, फक्त गाढ होऊ दिलं नाही. काही रात्रींतच त्या तरण्या पोरांचं अंग आंबलं, दाबलं तर दुखायला लागलं. ना संधिवात, ना सूज. नुसती गाढ झोप चोरली होती. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात निरोगी बायकांचे गट करून पाहिले. एका गटाला सलग पण कमी झोपू दिलं, दुसऱ्याला तेवढीच झोप, पण पुन्हा पुन्हा उठवून. दुखणं दाबून टाकायची शरीराची जी स्वतःची सोय असते ती या दुसऱ्या गटात ढिली पडली. हे वाचलं आणि मी पुस्तकात बोट ठेवून बराच वेळ बसलो. तुकड्यातुकड्यांची झोप. माझीच की. २०१९ च्या बर्कली विद्यापीठाच्या एका अभ्यासात जागरणानंतर मेंदूची चित्रं घेतली होती. दुखणं नोंदवणारा भाग जास्त चेकाळलेला आणि त्याची तीव्रता आवरणारे भाग मंद. वर्गशिक्षक रजेवर असताना आठवी ब चा वर्ग ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पोरं तीच, फक्त आवरणारं कोणी नाही.

म्हणजे साडेतीनला उठवणारी कळ आजाराची होती, पण दुपारी चौथ्या तासाला फळ्यावर हात वर करताना येणारी कळ काही अंशी साडेतीनची होती.

डॉक्टरांनी मला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा पहिल्यांदा मन खट्टू झालं. इतकी वर्षं एमआरआय दाखवून दुखणं खरं आहे हे सिद्ध केलं, आता पुन्हा ते डोक्यातलं ठरणार की काय. पण त्या बाईंनी मला माझ्या बालपणाबद्दल काही विचारलं नाही. एक वही दिली. किती वाजता पडलात, किती वाजता झोप लागली, कितीदा उठलात, शेवटचं कधी उठलात. दोन आठवडे भरा म्हणाल्या. वही पाहिल्यावर कळलं की मी नऊलाच गादीवर जातो आणि पावणेपाचपर्यंत, म्हणजे पावणेआठ तास, तिथे असतो, त्यातले झोपेचे जेमतेम पाच. बाकी वेळ नुसती वाट बघण्यात. बाई म्हणाल्या, गादीवरचे तास कमी करा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. भुकेल्याला ताट लहान करा म्हणण्यासारखंच. साडेअकराच्या आधी पडायचं नाही, उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा, आणि जाग येऊन वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर गादी सोडायची. गादीने झोपच ओळखली पाहिजे, तळमळ नको. चालण्याबद्दल मात्र त्यांनी काही बदल सांगितला नाही. तुम्हाला तसंही उठावं लागतंच, म्हणाल्या, पण चालताना घड्याळ बघू नका.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. रात्री अकरापर्यंत उभ्या उभ्या पेपर तपासायचो, एकदा डुलकीत एका मुलाला वीसपैकी बावीस दिले. बायको म्हणाली, हे कसलं औषध. पण तिसऱ्या आठवड्यापासून साडेअकराला पडलं की विहिरीत दगड टाकावा तशी झोप लागायला लागली. साडेतीनची जाग गेली नाही. जाणारही नाही बहुतेक, ती आजाराची आहे. रात्रीच्या जेवणानंतरची गोळी तिला थोडी पुढे ढकलते, इतकंच. पण फेऱ्या झाल्यावर पुन्हा झोप लागते, आठवड्यातून तीन-चारदा तरी. आणि बाथच्या कागदावर माझा थकव्याचा आकडा आठावरून पाचावर आला. दुखण्याचा सातावरून सहावर. एकाच घराने उतरला म्हणून कोणी पेढे वाटणार नाही, पण तो एक माझा आहे.

मधे सरकारने एक चांगलं काम केलं. २०२४ च्या फेब्रुवारीत आदेश निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून. शिक्षकांच्या खोलीत त्यावर फार चर्चा झाली. रिक्षावाल्यांचं कसं, खोल्या कमी पडतील त्याचं काय. मला मनातून बरं वाटलं. झोप हे कारण म्हणून सरकारी कागदावर आलं. आठवी-नववीला शिकवणाऱ्या मास्तरांचा त्यात उल्लेख नसणार हे उघडच होतं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहायला रकाना नव्हता. अठरा वर्षं मी कूस बदलताना पलंग करकरला की बायको जागी होते. काही बोलत नाही. पूर्वी विचारायची, "चोळून देऊ?" हल्ली नुसता तिच्या श्वासाचा ताल बदलतो, त्यावरून मला कळतं. गेल्या वर्षापासून तिची मान धरते. सकाळी पोळ्या लाटताना मधेच थांबून ती मान डावीकडे-उजवीकडे करते. ती म्हणते, मोबाईलमुळे. असेलही. हा आजार संसर्गजन्य नाही असं मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी सुटकेचा श्वास टाकला होता. तेव्हा झोपमोडीबद्दल विचारायचं राहिलं. मी एकदा हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपायचा प्रस्ताव मांडला. तिने उत्तर दिलं नाही, फक्त माझी पातळ उशी उचलून परत पलंगावर ठेवली. आपण भाग्यवान आहोत की अपराधी, हे त्या क्षणी ठरवता आलं नाही. अजून ठरलेलं नाही.

आजी येऊन गेल्यावर मी पहिलं काम केलं ते स्लीपर बदलायचं. रबरी तळाची चटचट जायची. मग अनवाणी चालून पाहिलं, पण टाचा दुखतात, तोही याच आजाराचा भाग. शेवटी आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी हॉलभर अंथरली. तिच्यावर मी दिवसातून एकदा पंधरा मिनिटं पालथा पडतो, पाठीला पोक येऊ नये म्हणून, तीच रात्री रस्ता झाली. आठवड्याने जिन्यात आजी भेटल्या तेव्हा विचारलं, "आता आवाज येतो का?" "नाही बाई," त्या म्हणाल्या. आणि मग अंमळ नाराजीने, "पण जाग येतेच. सवय लागली ना. आता उठून बसते आणि ऐकत बसते, सर आज उठले की नाही."

परवा रात्री असाच उठलो. पाऊस नुकता थांबला होता, गॅलरीच्या पत्र्यावरून थेंब पडत होते. गोधडीवर चार पावलं झाली आणि खालून आवाज आला. टक. मग थोड्या वेळाने पुन्हा टक. काठीचा. बेडरूमकडून स्वयंपाकघराकडे, माझ्याच मार्गाने, माझ्या बरोबर खाली. मधे नळाचा आवाज, तांब्या ओट्यावर ठेवल्याचा आवाज. मी पाय उचलला होता तो तसाच हलके टेकवला आणि खिडकीचा गज धरून उभा राहिलो. कंबर ओरडत होती, चाल म्हणून. काठी परत फिरली. टक. टक. मी तिचा फेरा पुरा होण्याची वाट बघत राहिलो.